गावठाणात जागा लहान, घर वाढवायचंय? परवानगी कशी घ्यायची, सवलत कशी मागायची : सगळी माहिती एका जागी

सुगी आटोपली, हातात चार पैसे आले की घरोघरी एकच विषय निघतो. पोराचं लग्न ठरलंय, एक खोली वाढवायची. म्हाताऱ्या आईला रात्री बाहेर जाता येत नाही, घरातच संडास-न्हाणी करायची. जागा मात्र अर्धा गुंठा, पाऊण गुंठा. एका बाजूला चुलत्याची भिंत, दुसऱ्या बाजूला बोळ, मागे शेजाऱ्याचं परसदार. मग गवंडी म्हणतो, "घाला हो भिंत, गावात कोण विचारतंय!" भिंत छातीपर्यंत येते आणि ग्रामपंचायतीची नोटीस दारात येते. नोटीस नाही आली तर शेजारी अर्ज देतो. काम थांबतं, सिमेंटच्या गोण्या दगड होतात आणि वीस वर्षांचं शेजारपण तुटतं ते वेगळंच.

हे टाळता येतं. लहान जागेतल्या बांधकामासाठी सरकारने नियम बरेच सोपे केले आहेत, आणि नियमात बसत नसेल तर अडचण दाखवून सवलत मागायची सोयसुद्धा आहे. पण ती मागावी लागते, लेखी मागावी लागते आणि भिंत घालायच्या आधी मागावी लागते. कसं ते क्रमाने बघू.

१. आधी हे ठरवा : तुमची जागा कुणाच्या हद्दीत?

परवानगी कुणाकडे मागायची हे जागेवरून ठरतं.

● जागा गावठाणात असेल तर अर्ज ग्रामपंचायतीकडे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ नुसार ग्रामपंचायतीच्या परवानगीशिवाय नवीन घर बांधता येत नाही आणि जुनं पाडून पुन्हा उभंही करता येत नाही. खोली वाढवणं, मजला चढवणं हेही बांधकामच.

● जागा गावठाणाबाहेर असेल तर विषय महसूल आणि नगररचना खात्याकडे जातो. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीच्या निवासी वापरासाठी जमीन महसूल अधिनियमात कलम ४२-ड आहे. तुमचा गट त्यात येतो का, हे तहसील कार्यालयात विचारा.

● गाव एखाद्या महानगर प्राधिकरणाच्या क्षेत्रात गेलं असेल तर परवानगी त्या प्राधिकरणाची. मोठ्या शहरांभोवतीच्या बऱ्याच गावांना हे अजून माहीत नसतं आणि लोक ग्रामपंचायतीचा कागद घेऊन निर्धास्त राहतात.

● समुद्र किंवा खाडीकाठचं गाव असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे म्हणजे सीआरझेडचे नियम लागतात. डोंगरी पर्यावरण संवेदनशील क्षेत्रातल्या गावांनाही वेगळे निर्बंध आहेत.

पुढची माहिती मुख्यतः गावठाणातल्या घरासाठी आहे.

२. कागद : नमुना ८ आणि ८-अ यात गल्लत नको

इथं बहुतेक जण चुकतात. तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) मिळतो तो गाव नमुना ८-अ. तो शेतजमिनीचा खाते उतारा. ग्रामपंचायतीत मिळतो तो नमुना ८. तो घरपट्टी आकारणीचा उतारा. घर वाढवायला दुसरा लागतो.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : नमुना ८ वर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. ती कर लावण्यासाठीची नोंद आहे. मालकीसाठी खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, सनद किंवा मिळकत पत्रिका लागते.

मिळकत पत्रिका म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड. गावठाणांचं ड्रोनने मोजमाप करून घराघराचा नकाशा आणि मिळकत पत्रिका तयार करण्याचं काम स्वामित्व योजनेत होतं. केंद्राची ही योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. त्याच्या आधीच आपल्या राज्यात पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात ड्रोन मोजणीचा प्रयोग झाला होता. तुमच्या गावात हे काम झालं असेल तर मिळकत पत्रिका काढून घ्या आणि त्यावरचं क्षेत्र नमुना ८ वरच्या क्षेत्राशी जुळवून बघा. फरक निघाला तर आधी तो मिटवा, मग बांधकामाचा अर्ज करा. उलटं केलंत तर अर्ज तिथंच अडकतो.

हद्दीवरून थोडाही वाद असेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या. मोजणी झाल्यावर नकाशाची 'क' प्रत मिळते. ती जपून ठेवा. पुढे शेजारी म्हणाला, "भिंत माझ्यात आली", तर तोंडाने भांडण्यापेक्षा ही प्रत जास्त बोलते.

३. "परवानगीची गरज नाही" याचा खरा अर्थ

राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. मुंबई महापालिका आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडून ती राज्यभर चालते. लहान जागेसाठी त्यात दोन टप्पे आहेत.

पहिला टप्पा : जागा १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे १,६०० चौरस फूट. इथं नगररचना खात्याकडे मंजुरीसाठी फेऱ्या मारायची गरज नाही. मालकीची कागदपत्रं, जागेचा नकाशा, घराचा आराखडा आणि 'आराखडा नियमात बसतो' असा परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारदाचा दाखला ग्रामपंचायतीत द्यायचा, शुल्क भरायचं आणि पावती घ्यायची.

दुसरा टप्पा : जागा १५० ते ३०० चौरस मीटर, म्हणजे साधारण ३,२०० चौरस फुटांपर्यंत. कागद तेच, पण ग्रामपंचायतीकडून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र घ्यायचं. शुल्क भरल्यावर ते १० दिवसांत मिळायला हवं.

त्याहून मोठी जागा असेल तर नगररचना खात्याचा अभिप्राय लागतो.

यातला "परवानगीची गरज नाही" एवढाच तुकडा मोबाइलवर फिरला आणि लोकांचा समज झाला की आता काहीही बांधा. तसं नाही. फेऱ्या कमी झाल्या आहेत, नियम आहेत तिथंच आहेत. कागद न देता बांधलं तर १०० चौरस फुटांची खोलीसुद्धा विनापरवानाच. मजल्यांनाही मर्यादा आहे, तेव्हा वर किती चढवता येईल हे अभियंत्याला आधीच विचारा.

४. किती बांधता येईल? एक हिशेब

एकूण बांधकाम किती करता येईल हे चटई क्षेत्र निर्देशांकावरून ठरतं. सगळे एफएसआय म्हणतात तो हाच. गावठाणातल्या राहत्या घरासाठी मूळ निर्देशांक १.५ धरला जातो. म्हणजे जागेच्या दीडपट, सगळे मजले मिळून.

समजा जागा २० फूट रुंद आणि ३० फूट खोल आहे. क्षेत्र झालं ६०० चौरस फूट. त्याच्या दीडपट म्हणजे ९०० चौरस फूट. आज पुढच्या भागात २० बाय २० चं जुनं घर आहे, म्हणजे ४०० चौरस फूट वापरलेले. उरले ५०० चौरस फूट.

आता मागे १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट आणि वर २० बाय १५ चं दालन म्हणजे ३०० चौरस फूट धरलं तर एकूण ८२० होतात. निर्देशांकात बसलं. पण याचा अर्थ लगेच बांधता येईल असा नाही, कारण दुसरी परीक्षा मोकळ्या सोडायच्या जागेची असते. सगळी गाडी अडते ती तिथंच.

अंदाज येण्यासाठी सांगायचं तर एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर असतं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट.

५. बोळाकडची जागा सोडायची किती?

गावठाणात घराला घर लागून असतं, म्हणून बाहेरच्या प्लॉटइतकी मोकळी जागा सोडायचं बंधन इथं नाही. पण रस्त्याच्या बाजूला सूट नाही. बोळ साडेचार मीटरपेक्षा अरुंद असेल तर नवीन बांधकाम बोळाच्या मध्यरेषेपासून सव्वादोन मीटर मागे घ्यायचं असतं. समोरच्यानेही तेवढंच सोडलं की पुढेमागे बोळ साडेचार मीटरचा होतो आणि रुग्णवाहिका आत येऊ शकते.

हिशेब असा : बोळ १० फूट रुंद. मध्यापासून तुमच्या हद्दीपर्यंत ५ फूट. सव्वादोन मीटर म्हणजे सुमारे ७.४ फूट. तर तुमच्या हद्दीच्या आत आणखी २.४ फूट सोडून नवी भिंत घ्यायची. जुनं घर हद्दीवरच उभं असेल तर ते आज पाडा असं कुणी म्हणत नाही. पण पाडून नवीन बांधताना हा नियम लागतो. जुन्या भिंतीवर मजला चढवायचा असेल तरी हा प्रश्न निघतोच.

घर राज्य किंवा राष्ट्रीय महामार्गाला लागून असेल तर रस्त्याची बांधकाम रेषा वेगळी असते. ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा महामार्गाच्या संबंधित कार्यालयात विचारून घ्या.

६. नियमात बसत नाही, मग सवलत कशी मागायची?

जागा वाकडीतिकडी आहे. एका टोकाला १२ फूट तर दुसऱ्या टोकाला ५ फूट. रस्ता रुंदीकरणात पुढचा भाग गेला. वाटण्या होता होता जागेची नुसती पट्टी उरली. अशा जागेत नियमाप्रमाणे अंतर सोडलं तर खोलीच होत नाही.

यासाठी यूडीसीपीआरच्या दुसऱ्या प्रकरणात तरतूद आहे. अडचण खरी आहे आणि ती स्पष्ट दाखवता येते, अशा प्रकरणात सक्षम प्राधिकारी विशेष बाब म्हणून मापांमध्ये सवलत देऊ शकतो. मात्र त्याला कारण लेखी नोंदवावं लागतं आणि त्या सवलतीने राहणाऱ्यांच्या किंवा शेजाऱ्यांच्या आरोग्याला, आगीपासूनच्या सुरक्षेला, इमारतीच्या मजबुतीला बाधा येता कामा नये.

तीन गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली : सवलत मापात मिळते, चटई क्षेत्रात नाही. म्हणजे अंतर थोडं कमी सोडायची मुभा मागता येईल. ९०० ऐवजी १,२०० चौरस फूट बांधू द्या, अशी मागणी या वाटेने होत नाही.

दुसरी : ही सवलत कट्ट्यावर बसून मिळत नाही. "सरपंचांनी सांगितलंय, बांधा" याला कागदावर किंमत शून्य. प्रादेशिक योजनेच्या भागात असं प्रकरण ग्रामपंचायतीच्या पातळीवर मिटत नाही. ते जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना विभागाच्या जिल्हा शाखेकडे जातं. ग्रामपंचायतीकडून शिफारशीचा ठराव घेतलात तर मदत होते, पण ठराव म्हणजे मंजुरी नव्हे.

तिसरी : घरच्या अडचणीपेक्षा जागेची अडचण दाखवा. "कुटुंब मोठं आहे, पैसे कमी आहेत" हे गावात सगळ्यांचंच आहे. "जागेचा आकार असा आहे, मागची हद्द तिरकी आहे, नियमाप्रमाणे अंतर सोडल्यास खोलीची रुंदी फक्त ५ फूट उरते" हे मोजून दाखवता येतं, आणि मोजून दाखवलेलं खोडता येत नाही. घरात अपंग किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल आणि त्यासाठी तळमजल्यावर संडास हवा असेल तर तेही जरूर लिहा, दाखला जोडा. पण जागेचं माप आधी.

सवलत कमीत कमी मागा. दोन फूट सवलतीत काम भागत असेल तर चार फूट मागू नका. आणि दुसरा पर्याय का चालत नाही तेही लिहा. वर मजला का चढवता येत नाही? जुनी भिंत माती-दगडाची आहे, तिच्यावर स्लॅब पेलणार नाही, असा अभियंत्याचा अभिप्राय असेल तर तो जोडा.

७. अर्जाचा नमुना

साध्या कागदावर, स्वच्छ अक्षरात किंवा टाइप करून द्या. सवलतीच्या अर्जाचा मायना असा ठेवता येईल :

"प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी (कार्यालयाचं नाव)
मार्फत : मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामपंचायत ______

विषय : मिळकत क्र. ____ वरील राहत्या घराच्या वाढीव बांधकामासाठी मोकळ्या अंतरात सवलत मिळणेबाबत.

महोदय,
मी मौजे ____, ता. ____ येथील रहिवासी असून वरील मिळकत माझ्या मालकीची आहे. मिळकतीचे क्षेत्र ____ चौ.मी. असून सध्याचे बांधकाम ____ चौ.मी. आहे. मला ____ चौ.मी. वाढीव बांधकाम करावयाचे आहे. एकूण बांधकाम अनुज्ञेय चटई क्षेत्रात बसते.

मिळकतीचा आकार सोबतच्या मोजणी नकाशाप्रमाणे ____ असल्याने ____ बाजूस नियमानुसार ____ मी. अंतर सोडल्यास खोलीची रुंदी फक्त ____ मी. उरते. सबब सदर बाजूस ____ मी. ऐवजी ____ मी. अंतर ठेवण्यास सवलत मिळावी. यामुळे शेजारील मिळकतीचा उजेड, वारा, वहिवाट अथवा सांडपाण्यास अडथळा येणार नाही. लगतच्या मिळकतधारकांची संमती सोबत जोडली आहे.

सोबत : १) मिळकत पत्रिका / मालकीचा कागद २) नमुना ८ उतारा व घरपट्टी भरल्याची पावती ३) मोजणी नकाशा ४) बांधकामाचा आराखडा व अभियंत्याचा दाखला ५) जागेचे चारही बाजूंचे फोटो ६) सहहिस्सेदार व लगतधारकांची संमतीपत्रे ७) ग्रामपंचायतीचा ठराव असल्यास त्याची प्रत."

अर्ज दोन प्रतीत न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. त्या प्रतीचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

८. भाऊबंद आणि बहिणी : सह्या आधी

घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारस नोंद. मिळकत सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची संमती. यात बहिणी येतात, मग त्यांचं लग्न होऊन कितीही वर्षं झालेली असोत. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आहे. "तिला काय विचारायचं, ती तर दिली सासरी" असं म्हणून काम सुरू केलं आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी कोर्टाची मनाई आली तर दोष कुणाचा?

बहिणीकडे जाऊन, चहा घेऊन, नकाशा दाखवून सही मागा. हक्कसोड वेगळी आणि बांधकामाला संमती वेगळी, हे तिला स्पष्ट सांगा. संमती दिली म्हणून तिचा हिस्सा जात नाही, आणि हे संमतीपत्रात लिहिलं तर ती मोकळ्या मनाने सही करेल.

९. शेजारी : पागोळ्या, खिडकी आणि सामाईक भिंत

गावातली निम्मी भांडणं तीन गोष्टींवरून होतात.

पागोळ्या : तुमच्या पत्र्याचं किंवा स्लॅबचं पाणी तुमच्याच हद्दीत पडलं पाहिजे. पन्हाळ लावा, पाइप खाली उतरवा आणि पाणी गटारात सोडा. आराखड्यातच हे दाखवलं तर शेजाऱ्याची अर्धी शंका मिटते.

खिडकी : शेजाऱ्याच्या खिडकीतून वीस वर्षं सलग, कुणाच्या आडकाठीशिवाय उजेड-वारा येत असेल तर भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे त्याचा त्यावर हक्क तयार होतो. तुमची भिंत तुमच्या हद्दीत असली तरी ती खिडकी बुजत असेल तर तो कोर्टात जाऊ शकतो. ग्रामपंचायतीची परवानगी तिथं ढाल होत नाही.

सामाईक भिंत : दोघांची भिंत असेल तर एकट्याने तिच्यावर गर्डर टेकवू नका किंवा तुळई घुसवू नका. शक्य असेल तर आपल्या बाजूने आपले कॉलम घ्या. खर्च थोडा वाढतो, पण पुढच्या पिढीला डोकेदुखी राहत नाही.

शेजाऱ्याची संमती प्रत्येक परवानगीला सक्तीची असतेच असं नाही. सवलत मागताना मात्र तिचं वजन मोठं असतं, कारण 'शेजाऱ्याला त्रास नाही' हे तोच सर्वांत खात्रीने सांगू शकतो.

१०. वरून जाणारी तार : इथं सवलत नाही

मजला चढवण्याआधी मान वर करून बघा. घरावरून किंवा शेजारून वीजवाहिनी जात असेल तर अंतराचे नियम असे आहेत : साध्या घरगुती दाबाच्या उघड्या तारेपासून वरच्या दिशेने किमान २.५ मीटर आणि बाजूला १.२ मीटर. ११ केव्हीच्या वाहिनीपासून वरच्या दिशेने ३.७ मीटर आणि बाजूला १.२ मीटर.

हे अंतर राहत नसेल तर आधी वीज कंपनीच्या उपविभागात तार हलवण्याचा अर्ज द्या. स्लॅबवर सळई उभी करताना तारेला लागून माणसं गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. कुठल्याही कार्यालयाची सही त्यावर इलाज नाही.

११. खर्च कशाकशाचा?

● अभियंत्याची फी : आधीच ठरवा. नकाशा, दाखला आणि गरज पडल्यास कार्यालयात हजर राहणं, हे सगळं त्यात धरलंय का ते विचारा.
● मोजणी फी : साधी आणि तातडीची वेगळी असते.
● विकास शुल्क व छाननी शुल्क : पावतीशिवाय रुपयाही देऊ नका.
● कामगार उपकर : बांधकाम खर्चाच्या एक टक्का. स्वतःच्या राहत्या घराला ठरावीक खर्चापर्यंत यातून सूट असते, तेव्हा तुम्ही त्यात बसता का ते विचारा.
● घरपट्टीची थकबाकी : आधी भरा. थकबाकी असली की अर्ज बाजूला पडतो.

बँकेचं कर्ज काढायचं असेल तर परवानगीचा कागद लागतोच. बऱ्याच जणांना परवानगीची आठवण बँकेच्या दारातच होते.

१२. उत्तर आलं नाही, किंवा नकार आला

उत्तर नसेल तर आवक क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्या. तरीही हालचाल नसेल तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. फाइल कुठं आहे हे कळत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न साधा ठेवा : "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर कोणती कार्यवाही झाली, त्याची टिपणीसह प्रत द्यावी."

नकार आला तर तो लेखी मागा, कारणासह. अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचं हेही लिहून घ्या. कारण वाचा. बऱ्याचदा नकार बांधकामाला नसतो, एखाद्या कागदाला असतो. तो कागद जोडून पुन्हा अर्ज करता येतो.

"मुदत संपली, उत्तर नाही, म्हणजे परवानगी मिळाली" असं समजून भिंत घालू नका. मानीव परवानगीचा आधार नियमात बसणाऱ्या बांधकामालाच मिळतो. ज्याला सवलत हवी आहे, म्हणजे जे मुळात नियमात बसत नाही, त्याला गप्प राहण्याचा फायदा मिळत नाही.

१३. आधीच बांधलं असेल तर?

घाबरून लपवू नका. बांधकाम स्वतःच्या जागेत असेल आणि नियमात बसत असेल तर शुल्क भरून ते नियमित करून घेता येतं. थोडं बाहेर जात असेल तर तेवढा भाग काढून बाकीचं वाचवता येतं का, ते अभियंत्याकडून तपासा.

पण ओटा, पायरी, संडासाची टाकी किंवा खोलीचा कोपरा सार्वजनिक रस्त्यावर आला असेल तर त्याला सवलत नाही. कलम ५३ प्रमाणे ग्रामपंचायत ते अतिक्रमण काढू शकते. घरात कुणी निवडणुकीला उभं राहायचं म्हणत असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर ग्रामपंचायत सदस्य अपात्र ठरतो, आणि कुटुंबाच्या अतिक्रमणात तो राहत असेल तरी तो सुटत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. दोन फुटांच्या ओट्यापायी सरपंचपद गेल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत.

काम सुरू करण्याआधी शेवटची उजळणी

✔ जागा कुणाच्या हद्दीत, हे पक्कं केलं?
✔ मालकीचा कागद, नमुना ८ आणि जागेवरचं माप जुळतं?
✔ भाऊ-बहिणींच्या सह्या झाल्या?
✔ चटई क्षेत्र आणि मोकळं अंतर, दोन्ही हिशेब केले?
✔ सवलत लागते? मग ती लेखी हातात आली?
✔ पन्हाळ, सांडपाणी, शेजाऱ्याची खिडकी, वरची तार बघितली?
✔ शुल्काची पावती आणि शिक्क्याची प्रत घरात आहे?

सगळ्यांपुढे बरोबरची खूण आली की मगच गवंड्याला विसार द्या. यात महिना-दोन महिने जातील. पण एकदा उभी राहिलेली भिंत पाडायची वेळ आली तर पैसा जातो, लग्नाची तारीख हुकते आणि गावात तोंड दाखवायला लाज वाटते. त्यापेक्षा चार फेऱ्या आधी मारलेल्या बऱ्या.

ही माहिती घरातल्या मोठ्या माणसांना वाचून दाखवा आणि ज्यांचं बांधकाम निघणार आहे त्यांना पाठवा. प्रत्यक्ष अर्ज करताना आपल्या तालुक्यातल्या परवानाधारक अभियंत्याचा आणि गरज असेल तर वकिलाचा सल्ला घ्या.